काळी तीनची पेटी

आमच्या कोल्हापुरात गाणं ऐकणाऱ्यांपेक्षा गाणं बघणारे जास्त होते, हे मी आधीच सांगून टाकतो. कुणाला राग आला तर येऊ दे. महाराज गादीवर होते, त्या काळातली ही गोष्ट आहे. गावात वर्षभर कुठली ना कुठली नाटक कंपनी मुक्कामाला असायची आणि खेळ लागला की पहिल्या रांगेत ठरलेली मंडळी येऊन बसायची. रंगमंचाच्या खाली, डाव्या कोपऱ्यात पायपेटी असे आणि गॅसबत्तीचा उजेड नेमका तिच्या पट्ट्यांवर पडे. पात्र गायला उभं राहिलं की पेटीवाला आधी त्याचा षड्ज दाबून धरायचा. तेवढ्या वेळात पहिली रांग मान उंच करून त्याचं बोट कुठल्या पट्टीवर आहे ते बघून घ्यायची आणि मागच्या रांगांना कळवायची, “काळी एक.” “पांढरी दोन.” गाणं सुरू व्हायच्या आधीच गवयाची किंमत ठरून जायची.

ज्यांनी पेटी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एका सप्तकात सात पांढऱ्या पट्ट्या आणि पाच काळ्या. डावीकडून मोजत जायचं. जितकं उजवीकडं जाल तितका सूर चढा. काळी तीनच्या डाव्या अंगाला चिकटून पांढरी चार असते आणि दोघींत अर्ध्या सुराचं अंतर असतं. पुरुषानं काळी एकमध्ये गायलं तर बरा गातो म्हणायचे. काळी तीनमध्ये गायलं तर रस्त्यात वाकून नमस्कार करायचे. तालमीत पैलवानाचं वजन विचारावं तशी गवयाची पट्टी विचारायची आमच्याकडं रीत होती.

मी मूळचा सुतार, पेठ वडगावचा. दारं-खिडक्या करायचो. एकदा एका बंगल्यातली विलायती पेटी पाय मोडला म्हणून माझ्याकडं आली. पाय बसवून झाल्यावर आत काय आहे ते बघितल्याशिवाय मला राहवेना. पट्ट्या काढल्या, फळी उचलली, तर खाली पितळेचे लहान-मोठे पत्रे ओळीनं बसवलेले. प्रत्येक पत्र्याला एक लांबट खाच आणि खाचेवर पितळेचीच पातळ जीभ, एका टोकाला पक्की रिव्हेट केलेली, दुसरं टोक मोकळं. भात्यातला वारा खाचेतून जाताना ती जीभ खालीवर थरथरते, वारा तुकड्या-तुकड्यानं सुटतो आणि आवाज निघतो. आमच्या धंद्यात त्या अख्ख्या पत्र्यालाच सूर म्हणतात. जीभ लांब आणि जड असली की सावकाश थरथरते, म्हणून सूर खालचा. आखूड आणि हलकी असली की भराभर थरथरते, म्हणून वरचा. एवढंच आहे सगळं. वारा तोच, भाता तोच.

सूर लावायचं काम म्हणजे त्या जिभेला घासायचं काम. टोकाकडं घासलं तर टोक हलकं होतं आणि सूर चढतो. बुडाकडं घासलं तर बूड कमजोर होतं आणि सूर उतरतो. एक घासा जास्त पडला तर दुसऱ्या टोकाला घासून भरपाई करता येते, पण असं दोन-चारदा केलं की जीभ मरते. हे शिकताना मी पहिल्या वर्षात किती जिभा मारल्या ते विचारू नका. पुढं मी देवळाच्या महाद्वाराजवळ दुकान टाकलं आणि गावानं मला सुतार म्हणायचं सोडून पेटीमिस्त्री म्हणायला सुरुवात केली.

त्या साली थंडीत एक मोठी कंपनी आली, दोन महिन्यांच्या मुक्कामाला. तिचे मुख्य गवई नायिकेचं काम करत. त्यांना सगळे बुवा म्हणत. वयानं चाळिशीला आलेले, पण लुगडं नेसून उभे राहिले की बायका घरी जाऊन त्यांच्यासारखं चालायचा प्रयत्न करीत. चौदाव्या वर्षापासून त्यांनी स्त्रीपार्टाशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. आणि ते काळी तीनमध्ये गात. कंपनीच्या जाहिरातीत नाटकाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरात ते छापलेलं असे.

मुक्काम सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळी दुकान उघडतोय तोच बुवा स्वतः आले. मागं हमालाच्या डोक्यावर कंपनीची पेटी. हमालाला परत पाठवून त्यांनी दार आतून लोटून घेतलं.

“भात्याला भोक पडलंय,” ते म्हणाले.

मी बघितलं. भोक होतं, पण सुईचं होतं आणि अगदी ताजं होतं. मी सरळ विचारलं, “बुवा, ह्ये कुणी पाडलं?”

“मी.”

मला असा संताप आला! चांगल्या कमावलेल्या कातड्याला जाणूनबुजून सुई टोचायची म्हणजे काय? मी बरंच बोललो. त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, “मिस्त्री, पेटी इथं आणायला काहीतरी निमित्त हवं होतं. आता माझं ऐका.”

त्यांनी मला काळी तीन दाबून धरायला सांगितलं आणि गायला लागले. मधल्या सप्तकात आवाज असा होता की माझा राग निम्मा तिथंच उतरला. पण वरच्या पंचमाला गेले आणि आवाज फाटला. पुन्हा गेले, पुन्हा फाटला. मग म्हणाले, “आता डावीकडची पांढरी दाबा.” मी पांढरी चार दाबली. तीच चीज, तीच जागा, आणि आवाज वर जाऊन असा थांबला की जणू तिथंच राहायला आलाय.

“अर्ध्या सुरानं गळा उतरलाय,” ते म्हणाले. “गेल्या पावसाळ्यापासून.”

“मग पांढरी चारमदी गावा की. कोण न्हाय म्हणतंय?”

“तुमची पहिली रांग म्हणते. आणि आमचे मालक म्हणतात.” मालकांनी त्यांना स्पष्ट सांगून ठेवलं होतं. ज्या दिवशी काळी तीन सुटेल त्या दिवशी नायिकेचं लुगडं धाकट्याला. धाकटा म्हणजे कंपनीतला वीस-एकवीस वर्षांचा गवई. बुवांच्याच हाताखाली शिकलेला, सगळ्या नायिका पाठ करून बसलेला. “मला दुसरं काही येत नाही, मिस्त्री. राजा करायला छाती नाही, विदूषक करायला जीभ नाही. लुगडं गेलं की मी गेलो.”

त्यांना काय हवं होतं ते माझ्या ध्यानात आलं. बोट काळी तीनवरच राहायचं, पण आतून वाजायची पांढरी चार. मी म्हणालो, “ह्ये काम माझं न्हाय. माझ्या हातनं गेलेली पेटी खोटं बोलत न्हाय.” हे मी मोठ्या ऐटीत बोललो, आणि दुसऱ्या दिवशी काम सुरू केलं. का केलं, याचं उत्तर मी स्वतःला अनेकदा दिलंय. एक तर मला पहिल्या रांगेची चीड होती. आणि त्यांचा तो थांबलेला पंचम माझ्या कानातून जात नव्हता.

काम अवघड नव्हतं, किचकट होतं. सगळ्या जिभा घासून अर्धा सूर उतरवल्या असत्या तर पेटीचा सत्यानाश झाला असता. मी सूरच सरकवले. सदतीस पट्ट्या, प्रत्येकीखाली दोन सूर. सगळ्यात उजवीकडचे दोन काढून कागदात गुंडाळून ठेवले आणि त्यांच्या जागी शेजारचे बसवले, त्यांच्या जागी त्यांच्या शेजारचे, असं करत डावीकडं आलो. म्हणजे प्रत्येक पट्टीखाली तिच्या आधीच्या पट्टीचा सूर आला. शेवटी डावीकडची पहिली पट्टी रिकामी राहिली, तिला एका मोडक्या पेटीतले सूर काढून घातले. सूर ज्या खोबणीत बसतो तिला आम्ही घर म्हणतो; शेजारशेजारच्या घरांत केसाएवढाच फरक असतो. जिथं बसेना तिथं कानशीनं कड घासली. नव्या घरात वारा जरा वेगळा लागला की सूर किंचित हलतो, ते एक एक करून लावून घेतले. दोन दिवस गेले. भात्याला ठिगळ लावलं ते वेगळंच.

कुणाला कळलं नाही. पेटीवाल्यालाही नाही. तो बोटांचा फार तयार होता, पण नुसता एक सूर ऐकून तो कुठला हे सांगणारी माणसं विरळा असतात. सुराची ओळख शेजारी दुसरा सूर असला तरच पटते, आणि इथं सगळे शेजारी एकदम एक घर सरकले होते. कंपनीत दुसरी पेटी नव्हती. तालमीला हीच, खेळाला हीच, आणि तंबोरे हिच्याशीच जुळवायचे.

रविवारी दुपारच्या खेळाला मी मुद्दाम गेलो. बुवा उभे राहिले, पेटीवाल्यानं षड्ज धरला, पहिल्या रांगेच्या माना उंच झाल्या. “काळी तीन,” मागं बातमी गेली. आणि बुवा असे गायले की तीनदा तेच पद घ्यावं लागलं. माझ्यापुढचा एकजण मांडीवर थाप मारून म्हणाला, “आवाज हाय का चेष्टा हाय? काळी तीन हाय की ती.” मला हसू आवरेना. आपण किती शहाणे, असं वाटत मी घरी गेलो. तो शहाणपणा पंधरा दिवस टिकला.

पंधरा दिवसांनी कंपनीचा तबलजी दुकानात आला. आमच्याच गावचा, मुसलमान गृहस्थ, माझ्यापेक्षा वयानं मोठा. त्याला मी चाचा म्हणत असे. कोल्हापूरचा मुक्काम असला की कंपनी त्यालाच साथीला घेई. तो बसला, पान लावलं आणि म्हणाला, “मिस्त्री, पेटीला काय केलायसा?”

“ठिगळ लावलंय भात्याला.”

“माझ्या तबल्याला आठ वर्सं बुवाच्या काळी तीनची सवय हाय. हातुडी नुसती दाखवायला आणायचो. आता दर खेळाला वादीखालचे लाकडी गट्टे वर ठोकून कातडं ढिलं करावं लागतंय. कातडं ढिलं म्हंजे सूर खाली. मला काय डोळ्यानं बघायची गरज न्हाय.”

मी उठून दार लोटून घेतलं. चाचा म्हणाला, “मी कुणाला सांगणार न्हाय. बुवाचं मीठ खाल्लंय. पर धाकट्याचं काय करणार तुमी?”

“त्येचं काय?”

मग त्यानं सांगितलं. धाकटा काळी दोनमध्ये गायचा आणि काळी तीनच्या नुसत्या नावानंच त्याची दमछाक व्हायची. आता तालमीत एके दिवशी सहज काळी तीन लागली. भीड मोडली, आनंदानं वर वर जाऊन बघितलं, तर काळी चारपर्यंत पोचला. मालक हरखले. सांगलीला एका मोठ्या घरी गाण्याची बैठक होती. तिथं त्यांनी कळवून टाकलं की आमचा धाकटा गवई काळी चारमध्ये गाईल, साथीला पेटी तुमची, वादक तुमचे, बघा तरी. सगळीकडं गवगवा झाला होता.

“तिथली पेटी खरी असणार,” चाचा म्हणाला. “पोरगं वर जाईल आणि फाटंल. भरल्या बैठकीत. पुन्हा उभं ऱ्हायचं न्हाय. बुवाला काय, बरंच हाय की. वाटंतला काटा गेला.”

हे मला सुचलंच नव्हतं. मी एका माणसासाठी पेटी खोटी केली होती, पण पेटी काय माणूस बघून वाजत नाही. तिच्याशी जो गळा जुळवेल तो फसणार. सुतारकामात मी कधी असं केलं नसतं. दाराची चौकट एका माणसाच्या उंचीची करायची आणि बाकीच्यांनी कपाळमोक्ष करून घ्यायचा, असं कुणी करतं का? स्वतःची इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती.

संध्याकाळच्या आत मी बुवांच्या बिऱ्हाडी गेलो. ते रंकाळ्याच्या बाजूला उतरले होते. सांगायला लागलो तर म्हणाले, “माहीत आहे.” चार दिवसांपासून माहीत होतं. त्यांनी मालकांना सांगून बघितलं होतं, पोरगा अजून कच्चा आहे, बैठकीला धाडू नका. मालक नुसते हसले. धाकट्याच्या कानावर ते गेलं, तेव्हा त्यानं बुवांशी बोलणं टाकलं. बुवा आपल्यावर जळतात, अशी त्याची खात्री झाली.

“मग आता?” मी विचारलं.

“आता काही केलं नाही तर माझं सगळं नीट होतंय,” बुवा म्हणाले. “कंपनीची पेटी कंपनीतच राहील, मी तिच्यावर म्हातारा होईपर्यंत गाईन, आणि तो सांगलीला पडेल. मिस्त्री, चार दिवस मी हाच विचार करतोय आणि चारही दिवस मला तो गोड वाटतोय.”

मी उठून आलो. खोटं कशाला सांगू, त्यांच्या जागी मी असतो तर पोराला पडू दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा धाकट्याला घेऊन दुकानात आले. पेटी बरोबर होती. धाकट्याचं तोंड चढलेलं. गुरूनं बोलावलं म्हणून आला होता, एवढंच. बुवा मला म्हणाले, “याला उघडून दाखवा.”

मी सुराचा चिमटा काढला. लोखंडी, दोन पायांचा, गुडघ्यावर आपटला की एकच सूर देतो. तो उन्हाळ्यात तोच, पावसाळ्यात तोच, आणि त्याला कुणी गवई ओळखीचा नसतो. मी तो आपटून लाकडाला टेकवला आणि पेटीची त्याच सुराची पट्टी दाबली. दोन्ही आवाज एकमेकांशी भांडायला लागले. मग उजवीकडची शेजारची पट्टी दाबली, तर दोन्ही एक झाले. धाकट्यानं स्वतः तीनदा तसं करून बघितलं. कानाचा हुशार होता. चिमटा खाली ठेवून म्हणाला, “म्हणजे मी काळी चारमध्ये गात नाही.”

“पांढरी पाचमध्ये गातोस,” बुवा म्हणाले. “तुझ्या वयाला तेही फार आहे.”

“आणि तुम्ही?”

“पांढरी चार.”

धाकट्यानं चिमटा उचलून परत माझ्या हातात दिला. मग त्यानं विचारलं, “सांगलीला मला तसंच जाऊ का दिलं नाहीत?” त्यात राग नव्हता. खरंच समजून घ्यायचं होतं त्याला.

“द्यायचं ठरवलंच होतं,” बुवा म्हणाले. “काल दुपारी तू तालमीत काळी चारला गेलास. जाताना डोळे मिटलेस. चौदाव्या वर्षी तुझा गळा फुटला तेव्हा तू माझ्या मांडीवर रडला होतास आणि मी तुला सांगितलं होतं, डोळे मीट आणि जा. त्यानंतर मला जमेना.”

धाकट्यानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मी कानशी शोधायच्या निमित्तानं मागच्या खोलीत गेलो.

तिथून बुवा थेट मालकांकडं कबुली द्यायला गेले. तिथं काय झालं ते मला चाचानं सांगितलं. मालकांनी आरडाओरडा केला नाही. सांगलीला पत्र पाठवून पट्टी बदलली आणि पुढच्या मुक्कामापासून नायिकेची कामं धाकट्याला दिली. माझं नाव बुवांनी घेतलं नाही. पेटीवाल्यालाही हळूच सांगितलं की भात्यात पुन्हा भोक पडलंय. मी मात्र मालकांपुढं स्वतः जाऊन कबूल झालो. मालक म्हणाले, “पेटी पहिल्यासारखी करा, आणि तोंड बंद ठेवा.” त्यांच्या जागी मी असतो तर दुकानापर्यंत हाकलत आणलं असतं.

सूर परत आपापल्या घरी न्यायला तीन दिवस लागले. एकदा घासलेल्या कडा पुन्हा भरत नाहीत, त्यामुळं वारा गळू नये म्हणून बारीक कातड्याच्या पट्ट्या घालाव्या लागल्या. डावीकडची उसनी जोडी काढली. कागदात ठेवलेले उजवीकडचे दोन सूर पुन्हा बसवले. एक एक पट्टी चिमट्याशी ताडून बघितली.

चौथ्या दिवशी दुपारी एक गृहस्थ दुकानात आले. डोक्यावर केस बारीक कापलेले, मान उघडी पडलेली, कपाळ रुंद. मी म्हणालो, “या पावणं, काय पाहिजे?” ते पेटीपाशी जाऊन उभे राहिले. तेव्हा मी ओळखलं. स्त्रीपार्ट करणारे सगळे केस वाढवत. बुवांचे तर कमरेपर्यंत होते आणि रोज एक बाई येऊन त्यांना तेल लावून जायची. सकाळीच न्हाव्याकडं जाऊन ते काढून आले होते. चौदाव्या वर्षानंतर पहिल्यांदाच.

“झाली पेटी?” त्यांनी विचारलं.

“झाली.”

“काळी तीन धरा.”

मी पायानं भाता मारला आणि बोटानं काळी तीन दाबली. खरी काळी तीन. मला वाटलं गातील, निदान गुणगुणतील. ते गायले नाहीत. पेटीच्या कडेवर हात ठेवून ऐकत राहिले. भात्यातला वारा संपत आला तसा मी पुन्हा भरला. रस्त्यानं टांगा गेला, कुणीतरी दुकानात डोकावून परत गेलं, ते ऐकतच होते.

मग म्हणाले, “सोडा आता, मिस्त्री.”

मी बोट उचललं. मला त्यांच्या तोंडाकडं बघवलं नाही.